माणसे मोजायची की खिसे?

लोकांना जे हवे तेच आम्ही दाखवतो, असे दूरचित्रवाहिन्यांचे चालक उठल्याबसल्या सांगत असतात. मालिका बंद केली की लोकांनी पाठ फिरवली, एवढे म्हणून ते मोकळे होतात. हा युक्तिवाद वरकरणी लोकशाहीचा वाटतो. आमच्या मते तो खोटा आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द वाहिन्यांच्याच इतिहासात आहे.

अमेरिकेतील सीबीएस या वाहिनीचे उदाहरण घ्या. १९६२ साली तिने 'द बेव्हर्ली हिलबिलीज' ही मालिका सुरू केली. डोंगराळ मुलखातील एक भोळेभाबडे कुटुंब जमिनीत तेल सापडल्याने अकस्मात श्रीमंत होते आणि धनिकांच्या वस्तीत राहावयास येते, एवढीच तिची कथा. पहिली दोन वर्षे ती साऱ्या देशात अग्रस्थानी होती. तिच्या पाठोपाठ 'ग्रीन एकर्स', 'मेबेरी आर. एफ. डी.', 'ही हॉ' असे ग्रामीण वळणाचे कार्यक्रम आले. १९७१ साली सीबीएसने या साऱ्यांना एकाच झटक्यात निरोप दिला. त्यांतील 'मेबेरी' आणि 'ही हॉ' हे तर तेव्हाही देशातील पहिल्या वीस कार्यक्रमांत होते! मग लोकांनी पाठ फिरवली ती कोठे?

खरे कारण निराळे होते. या कार्यक्रमांचे प्रेक्षक बव्हंशी खेड्यांतले आणि उतारवयाचे होते. जाहिरातदारांना हवे होते शहरातले, तरुण आणि सढळ हाताने खर्च करणारे. त्याच वर्षी एबीसी वाहिनीने लॉरेन्स वेल्क यांचा १९५५ पासून चालत आलेला संगीताचा कार्यक्रम काढून टाकला. त्याचेही चाहते वयस्कच होते. म्हणजे डोकी मोजली गेली, पण प्रत्येक डोक्याची किंमत त्याच्या खिशावरून ठरली.

याच सुमारास आलेल्या 'ऑल इन द फॅमिली'सारख्या मालिका कसदार होत्या, हे आम्ही नाकारीत नाही. धंदा म्हटला की जमाखर्च आलाच, हेही आम्हांला मान्य आहे. पण मग तसे उघड सांगावे. आपला हिशेब लोकांच्या आवडीच्या नावावर का खपवावा? वाहिनी आपल्याला कार्यक्रम विकत नाही. ती जाहिरातदाराला आपण विकते.

प्रेक्षकांनी यावर काय केले? 'स्टार ट्रेक' बंद होणार या धास्तीने चाहत्यांनी एनबीसीकडे पत्रांचा पाऊस पाडला. १९६८ साली वाहिनीने मालिका चालू राहील असे पडद्यावरून जाहीर केले; मग तिला शुक्रवारी रात्री दहाची अडनिडी वेळ दिली आणि १९६९ साली ती बंदच केली. २००७ साली 'जेरिको'साठी चाहत्यांनी सीबीएसकडे सुमारे वीस टन शेंगदाणे पाठवले. पदरात पडले ते सात भाग! वेल्क यांनी मात्र वाहिनीची मनधरणी केली नाही. त्यांनी आपला कार्यक्रम गावोगावच्या स्थानिक केंद्रांना थेट दिला. प्रेक्षकही त्यांच्यामागे तेथे गेले आणि तो १९८२ पर्यंत चालला. 'ही हॉ'ही याच वाटेने पुढे वीस वर्षे टिकला. आर्जवाने मुदत वाढते; आयुष्य मिळते ते दुसरे दार शोधणाऱ्यास.

आपल्याकडेही खेड्यांतील घरे दीर्घकाळ या मापनाच्या बाहेरच होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये 'बार्क'ने त्यांचे आकडे जाहीर करण्यास आरंभ केला, तेव्हा वाहिन्यांचा क्रम पालटला. तोवर देशाची आवड म्हणून मिरवत होती ती शहरांची आवड!

म्हणून आवडती मालिका बंद पडली की आपलीच अभिरुची मागासलेली, असे मानून खाली मान घालू नका. घरातील आजीला तिची मालिका कोणत्या लहान वाहिनीवर वा केंद्रावर मिळेल, ते शोधून द्या. बाजाराने तिला मोजले नाही, म्हणून घरानेही मोजू नये, असे थोडेच आहे!