डबीवरचे ९५ टक्के मोजले कोणी?

मंडळी, हळदीच्या पेटंटची गोष्ट अधूनमधून आपल्या मोबाइलवर येतेच. १९९५ मध्ये अमेरिकेने जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या काळात सीएसआयआर भांडली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमान वाटतो, वाटायलाच पाहिजे. पण तीच हळद आता कॅप्सूलमध्ये भरून आपल्याच तालुक्याच्या मेडिकलमध्ये येते, तेव्हा आपण एक साधा प्रश्न विचारत नाही. डबीवर 'कर्क्युमिन ९५ टक्के' छापलंय, ते मोजलं कोणी आणि कसं?

वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ६ टक्के असतं. जात, जमीन, काढणीची वेळ, सगळ्याचा फरक पडतो. हळद द्रावकात भिजवून तो पिवळा भाग वेगळा काढला की अर्क तयार होतो. खरं तर त्यात एक नाही, तीन पदार्थ असतात. कर्क्युमिन सगळ्यात जास्त, बाकी दोन त्याचेच भाऊबंद. तिघांना मिळून कर्क्युमिनॉइड्स म्हणतात. ९५ टक्के हा आकडा बहुतेक वेळा तिघांचा मिळून असतो, डबीवर नाव मात्र एकाचंच. इथूनच गोंधळाला सुरुवात.

आता मोजणी. स्वस्त पद्धत अशी की अर्क विरघळवायचा, त्यातून ठराविक रंगाचा प्रकाश सोडायचा आणि तो किती शोषला गेला ते पाहायचं. म्हणजे मोजला जातो पिवळेपणा. त्यात दुसरं काही पिवळं मिसळलेलं असेल तरी आकडा फुगतो, यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही. महाग पद्धत एचपीएलसी. ती तिन्ही पदार्थ एकामागून एक वेगळे करते, कागदावर तीन शिखरं उमटतात. कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं कर्क्युमिन मिसळलं असेल तर कर्क्युमिनचं शिखर उंच आणि बाकीची दोन गायब किंवा नावाला. चोर हुशार असेल तर तिन्ही पदार्थ कृत्रिम टाकतो. मग कार्बन-१४ ची चाचणी लागते, कारण शेतात वाढलेल्या झाडात तो कार्बन असतो, जमिनीखालून काढलेल्या खनिज तेलात नसतो. म्हणजे चोरी पकडण्याचं शास्त्र उपलब्ध आहे. ते वापरायचं कोणी, एवढाच प्रश्न आहे.

अश्वगंधाचंही तेच. पाल्यातही विथॅनोलाइड्स असतात आणि पाला मुळापेक्षा स्वस्त. पाला घालून टक्का गाठायचा आणि डबीवर मुळाचं चित्र छापायचं! २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाला उत्पादकांना सांगावं लागलं की पानं वापरू नका. उगाच सांगितलं का?

कोणी म्हणेल, आयुर्वेद अख्खी वनस्पती पाहतो, एकेक रेणू मोजत नाही. मान्य. माझे ओळखीचे एक वैद्य हेच सांगतात आणि ते टक्के छापतही नाहीत. पण टक्क्यावर भाव लावायचा आणि मोजणीचा विषय निघाला की परंपरेच्या पदराआड लपायचं, हे चालणार नाही. दुसरा बचाव, लहान उत्पादकाला तपासणी परवडत नाही. अहो, एका बॅचमधून हजारो डब्या निघतात. बाहेरच्या प्रयोगशाळेतल्या एका चाचणीचा खर्च डबीमागे किती पडेल, हिशेब करा.

आणि हा फक्त पैशाचा मामला नाही. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण सापडले, तिथल्या सरकारने डबीवर इशारा छापायला लावला. आपल्याकडे 'पी हळद अन् हो गोरी' म्हणत लोक रोज दोन कॅप्सूल घेतात आणि डॉक्टरला सांगतही नाहीत. घरचीच हळद, त्यात काय सांगायचं? पण भाजीतली चिमूटभर हळद आणि अर्ध्या ग्रॅमचा अर्क यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सगळ्यात जास्त चीड येते ती शेतकऱ्याकडे बघून. वायगाव, सांगली, वसमत, तिन्ही हळदींना भौगोलिक मानांकन मिळालं. बाजार समितीत मात्र आजही हळकुंड मोडून बघतात, रंग बघतात, पॉलिश बघतात आणि भाव ठरतो. ज्याच्या हळदीत ५ टक्के आणि ज्याच्या हळदीत ३, दोघांना एकाच तराजूत! पुढे तोच माल अर्काच्या कारखान्यात गेला की टक्क्याटक्क्याला किंमत येते. मोजमाप आहे, पण ते शेतकऱ्याच्या हातातून माल सुटल्यावर सुरू होतं.

अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात या आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. गेल्या तीन वर्षांत हळद आणि अश्वगंधाच्या अर्काचे किती नमुने घेतले, कोणत्या पद्धतीने तपासले, किती नापास झाले. तोवर तुम्ही एक करा. घरात डबी असेल तर तिच्यावरच्या नंबरला फोन करून तुमच्या बॅचचा तपासणी अहवाल मागा आणि त्यात पद्धत लिहिलीय का ते बघा. मी मागितला होता. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही डीलर आहात का?" नाही म्हटल्यावर, "साहेब, मग तुम्हाला कशाला पाहिजे?"




अर्जाला उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो.