पलायन कोणाचे?

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास, आम्ही नोकरीनिमित्त राहत असलेल्या पूर्वेकडील शहरातील मराठी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक अर्ज आला. सह्या नऊ, सर्व सोळा ते वीस वर्षांच्या मुलामुलींच्या. मागणी एवढीच, की एका रविवारी सायंकाळी सभागृह मिळावे, म्हणजे 'लॉग होरायझन' या जपानी चित्रमालिकेचे काही भाग दाखवून त्यांवर मराठीतून चर्चा करता येईल. अर्जाचा निकाल लागण्यास दहा मिनिटेही लागली नाहीत. 'ऑनलाइन खेळात शिरलेल्या पोरांची कार्टुने. वास्तवापासून पळण्याचे शिक्षण मंडळाने का द्यावे?' असे एका ज्येष्ठांनी म्हटले, आणि अर्ज नामंजूर झाला. विरोधात वर झालेल्या हातांत एक हात आमचाही होता.

बाहेर पडताना अर्जदारांपैकी एका मुलीने विचारले, "काका, तुम्ही पाहिली आहे का ती?" आम्ही पाहिली नव्हती. कागद न वाचता त्यावर शेरा मारणे हे कारकुनी धर्मातील पहिले पातक होय, आणि ते आमच्या हातून घडले होते. त्याचे प्रायश्चित्त म्हणून पुढील दोन महिन्यांत आम्ही तिन्ही पर्वांचे मिळून बासष्ट भाग पाहिले. आता हा शेरा आम्ही जाहीरपणे मागे घेत आहोत. आणि ज्या आरोपाखाली अर्ज फेटाळला गेला, तो आरोप खरोखर कोणावर ठेवावयास हवा, हेही सांगणार आहोत.

प्रथम विरोधकांचे जे खरे आहे ते मान्य करू. खेळात अडकलेल्या माणसांच्या कथांचे जपानात पीक आले आहे, आणि त्यांतील पुष्कळ कथा रंजनापलीकडे जात नाहीत. या प्रकारातील सर्वांत गाजलेली मालिका 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन'. रेकी कावाहारा यांच्या कथेवरून ती २०१२ साली निघाली. तीत दहा हजार खेळाडू कोंडले जातात. खेळात मेला तो खराच मेला, आणि सुटकेसाठी शंभर मजले जिंकावे लागतात. कथा वेधक आहे, परंतु तिचा सगळा भार किरितो या एका तलवारबहाद्दराच्या मनगटावर आहे. एकट्या वीराने जग तारावे, हे स्वप्न तरुणांस गोड वाटते आणि म्हणूनच घातक असते, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही.

परंतु एका झाडावरून साऱ्या रानाची परीक्षा होत नाही. मामारे तोनो यांची 'लॉग होरायझन' ही कथा २०१० पासून इंटरनेटवर क्रमशः येऊ लागली, आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने ती चित्ररूपात दाखविली, तीही आपल्या शैक्षणिक वाहिनीवरून. 'एल्डर टेल' या खेळाचा बारावा विस्तार सुरू होतो, आणि जपानातील तीस हजार खेळाडू त्या खेळाच्या जगात जाऊन पडतात. तोक्योतील अकिहाबारा हा बाजारभाग तेथे अकिबा नावाचे मोडकळीस आलेले नगर आहे. या जगात मेलेला खेळाडू देवालयात पुन्हा जिवंत होतो. अन्न सहज मिळते. मरणाचे भय नाही, पोटाची चिंता नाही, आणि कायदाही नाही. मग उरते काय? कंटाळा, लूट आणि बलवंतांची सत्ता. 'हामेलिन' नावाचा एक संघ नवख्या मुलांना आश्रयाच्या नावाखाली कोंडतो, त्यांना मिळणारी औषधे काढून घेतो आणि मोठ्या संघांना विकतो. हे सर्वांस ठाऊक असते; परंतु ते थांबविणे कोणाचेच काम नसते. सरकारी कचेरीत दहा वर्षे काढलेल्या मनुष्यास ही अवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

कथानायक शिरोए तलवार उपसत नाही. तो द्रव्य गोळा करून सर्व संघांच्या कचेऱ्या असलेली इमारतच विकत घेतो, संघप्रमुखांची सभा बोलावतो आणि अकरा संघांचे मंडळ स्थापतो. मग नगराला नियम मिळतात आणि कोंडलेली मुले सुटतात. इमारतीचे दार बंद करण्याचा धाक दाखवून त्याने ही सभा जिंकली, हे आम्हांस खटकले. पण मालिकाही ते लपवीत नाही. तिसऱ्या पर्वात, २०२१ साली, हेच मंडळ अंतर्गत फुटीने मोडताना दाखविले आहे. मंडळांच्या निवडणुका पाहिलेल्यांस त्यात परकेपणा वाटणार नाही. वास्तवापासून पळावयाचे असते, तर घटना, वर्गणी आणि ठराव यांच्यात कोणी कशाला गुंतले असते?

आणखी एक गोष्ट पाहा. यादीतून निवडलेला पदार्थ त्या जगात क्षणात तयार होतो. दिसावयास उत्तम, परंतु चव नाही. पाकविद्या येणाऱ्या एका खेळाडूने स्वतःच्या हाताने चिरून, चुलीवर शिजवून अन्न केले, तेव्हा प्रथमच त्याला चव आली आणि खाणाऱ्यांचे डोळे भरून आले. बदलीच्या पहिल्या महिन्यात खाणावळीचे ताट पुढे ओढलेल्या आमच्या वाचकांपैकी कोणास हा प्रसंग कळणार नाही? परक्या जागेला चव आपोआप येत नाही, तेथे आपला हात लागावा लागतो, हा त्यातील अर्थ.

आता मुख्य मुद्दा. त्या जगात मूळचे रहिवासी आहेत. त्यांना 'भूमिजन' म्हणू. खेळ होता तोवर ते सामान विकणारे, कामे सांगणारे, हलते-बोलते देखावे होते. आता खेळाडूंच्या ध्यानात येते की त्यांना आठवणी आहेत, मुलेबाळे आहेत, राज्ये आहेत. आणि खेळाडू मेले तरी उठतात, भूमिजन मात्र एकदाच मरतात. रुंडेलहाउस नावाचा असा एक तरुण आपले भूमिजनपण लपवून खेळाडूंसह लढतो आणि रणात पडतो. तेव्हा शिरोए त्याच्यासाठी एक करारपत्र लिहितो. त्यावर सही होताच तो बरोबरीचा साहसवीर म्हणून पुन्हा उभा राहतो. शिरोएचा उपव्यवसाय कोणता? लेखनिकाचा! आयुष्यभर कागद लिहीत आलेल्या आम्हांस तो प्रसंग पाहताना काय वाटले, ते सांगणे न लगे.

आणि लगेच आमची मान खाली गेली. या शहरात आम्हांस सात वर्षे झाली. येथल्या भाषेत भाजीचा भाव विचारण्यापलीकडे आमची मजल गेलेली नाही. रोज दूध घालणाऱ्या माणसाचे नाव आम्हांस गेल्या महिन्यात कळले, आणि तेही विचारण्याची बुद्धी झाली म्हणून. कचेरीतून घरी, घरून मंडळात. मंडळात तीच नाटके, त्याच आठवणी, आणि 'इकडची माणसे अशीच' हा तोच शेरा. ज्या गावी परत जावयाचे म्हणतो, ते गावही आता केवळ आमच्या मनातच उरले आहे. इथल्या हजारो माणसांस देखावा समजून आम्ही एका काल्पनिक महाराष्ट्रात राहत आहोत. मग काल्पनिक जगात पळालेले कोण? ती नऊ मुले? ती तर इथल्याच शाळांत शिकली, इथलीच भाषा बोलतात, आणि तरीही एका जपानी कथेवर मराठीतून बोलण्यासाठी आमच्याकडे जागा मागत होती. मुले मराठीपासून दुरावली म्हणून दर वार्षिक सभेत आम्ही हळहळतो. ती आपण होऊन दारात आली, तेव्हा दार लावणारे आम्हीच.

कोणी म्हणेल, एका मालिकेपायी एवढा खटाटोप कशाला? आमच्या पणजोबांच्या पिढीने अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत वाचल्या. त्यांत राक्षस होते, उडते गालिचे होते; त्यामुळे ती पिढी वास्तवास मुकली, असे कोणी म्हणत नाही. कथा कोठे घडते हा प्रश्न गौण होय. तेथे गेलेल्या माणसांवर ती कोणती जबाबदारी टाकते, हा खरा प्रश्न.

आम्ही कार्यकारिणीस लेखी विनंती केली आहे की तो अर्ज पुन्हा विचारार्थ घ्यावा, आणि आमचे पूर्वीचे मत रद्द समजावे. सभागृह मिळाल्यास खुर्च्या मांडण्याचे काम आम्ही पत्करले आहे. दूध घालणाऱ्या हरिपदबाबूंच्या मुलालाही ही मालिका आवडते, असे कळले. त्यालाही बोलावणार आहोत. आणि चर्चेचा काही भाग त्याच्या भाषेत झाला, तर मंडळाने तो इतिवृत्तात जरूर नोंदवावा.