घड्याळातलं टिंब आणि दशांश चिन्ह



सहावीच्या वर्गात मी एक सोपं उदाहरण घातलं. ‘एक यंत्रमाग १ तास ४५ मिनिटे बंद होता, म्हणजे किती तास बंद होता?’ निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये उत्तर आलं, १.४५ तास.

आमची शाळा भिवंडीत आहे. वर्गातल्या कित्येक मुलांचे वडील, काका, मामा लूमवर पाळी करतात. लाइट गेली की माग किती वेळ थांबला, ही चर्चा घरात नेहमीचीच. तरीही उत्तर चुकलं. मी पुन्हा विचारलं, एका तासात किती मिनिटं? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘साठ!’ म्हणजे पाठांतर पक्कं होतं. मग एका मुलीने दाराबाहेरच्या फलकाकडे बोट दाखवलं. ‘सर, तिथे पण असंच लिहिलंय.’ फलकावर होतं, शाळेची वेळ : सकाळी ७.२० ते दुपारी १२.१०.

माझं मत तेव्हापासून ठाम झालं आहे. ही चूक मुलांची कमी आणि आपली जास्त आहे. आपण वेळ लिहिताना जे टिंब देतो, तेच टिंब गणिताच्या तासाला दशांश चिन्ह होतं. लग्नपत्रिका, सूचना, वर्तमानपत्र, सगळीकडे ‘१०.३० वाजता’ असंच छापतात. मोठ्यांना त्यात अडचण नाही. पण मूल पाचवी-सहावीत दशांश अपूर्णांक शिकत असतं. त्याला एकच खूण दोन अर्थांनी दाखवली, तर गोंधळ होणारच.

आता ही चूक केवढ्याला पडते ते पाहा. समजा माग मिनिटाला १२० आडवे धागे टाकतो आणि कापडाच्या एका इंचात ४८ आडवे धागे बसतात. १ तास ४५ मिनिटे म्हणजे १०५ मिनिटं. पण १.४५ तास म्हणजे १.४५ × ६० = ८७ मिनिटं. फरक १८ मिनिटांचा. १८ × १२० = २१६० धागे, म्हणजे ४५ इंच, अर्थात सव्वा वार कापड. माग बंद असतानाही हिशोबात तो चालू धरला गेला. एक कामगार चार माग सांभाळत असेल तर पाच वार! जिथे मजुरी कापड मोजून मिळते, तिथे हे न विणलेलं कापड कोणाच्या माथी येणार? हे उदाहरण वर्गात सोडवलं तेव्हा मुलं गप्प झाली. नुसता एक गुण कापला असता तर ती एवढी विचारात पडली नसती.

मग करायचं काय? ‘मोठ्या एककातून लहान एककात जाताना गुणा, उलट जाताना भागा’ हा नियम चुकीचा नाही, पण सुरुवात तिथून नको. आधी मुलाला वेळ तोंडाने बोलू द्या. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. आपल्या भाषेत अपूर्णांक बोलण्यातच आहेत. उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरांतही सवा, डेढ़, पौने दो आहेतच. जे मूल ‘पावणेदोन तास’ म्हणतं, ते दोनाला पाव कमी, म्हणजे १.७५, इथे आपोआप पोहोचतं. त्याला १.४५ खटकतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पालकांनी तर हे शब्द घरात मुद्दाम वापरावेत.

वजाबाकीचंही तसंच. ७:२० ला भरलेली शाळा १२:१० ला सुटली, तर किती वेळ झाला? मुलं सवयीने शंभर हातचे घेतात आणि उत्तर येतं ४ तास ९० मिनिटे. तासातून उसना घेतला की मिनिटांत ६० येतात, १०० नाही. त्यापेक्षा पायऱ्या चढू द्या. ७:२० ते ८:०० चाळीस मिनिटं, ८ ते १२ चार तास, वर दहा मिनिटं. झाले ४ तास ५० मिनिटे.

‘साठच का?’ असं एखादं मूल विचारेल. त्याला रागावू नका. साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० ने भाग जातो. तासाचा अर्धा, तिसरा हिस्सा, पाव, सगळं पूर्ण मिनिटांत येतं. शंभराचा तिसरा हिस्सा करून पाहायला सांगा! आपल्या पंचांगातही दिवस-रात्र मिळून ६० घटिका, एक घटिका २४ मिनिटांची. मग एका तासात घटिका किती? अडीच. हे गणित आजीसोबत सोडवता येईल.

काही सहकारी म्हणतात, ‘सगळं जग टिंब देतं, आपण बदलून काय होणार?’ जग बदलायला मी सांगत नाही. आपला फळा, आपला फलक आणि आपली प्रश्नपत्रिका एवढं तरी आपल्या हातात आहे. तिथे ७:२० लिहू या, किंवा सरळ ‘७ वाजून २० मिनिटे’. आमच्या फलकावरचं टिंब मी त्याच दिवशी खडूने बदललं. वर आणखी एक टिंब द्यायला किती वेळ लागतो?

पालकहो, आज रात्री जेवताना मुलांना एवढंच विचारा, ‘सव्वादोन तास म्हणजे किती मिनिटं?’ उत्तर १३५ आलं तर शाबासकी द्या. दुसरं काही आलं तर रागावू नका. आधी त्याने ते कसं लिहिलं, ते बघा.