परदेशातील पहिले दिवस : पत्र आणि आठवण

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचे पहिले दिवस हा भारतीय भाषांतील गद्याचा एक जुना विषय आहे. परंतु साहित्येतिहासात त्याची स्वतंत्र दखल क्वचितच घेतली जाते. पोशाख, आहार, खोली, थंडी, परकी भाषा हे सारे थोरांच्या चरित्रातील किरकोळ तपशील ठरतात आणि अभ्यासक पदवी, कार्य व कीर्ती यांकडे वळतो. ही उपेक्षा दूर करावयाची, तर आधी एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. त्या दिवसांत लिहिलेले पत्र वेगळे आणि त्या दिवसांविषयी पुढे लिहिलेली आठवण वेगळी.

महात्मा गांधी १८८८ साली लंडनला गेले. पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत बोटीतून उतरून ओशाळलेला, डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या उंच टोपीवरून उलटा हात फिरवून तिची लव विसकटणारा तरुण त्यांच्या गुजराती आत्मकथेत भेटतो. प्रसंग मोठे वेधक आहेत. परंतु ही आत्मकथा 'नवजीवन'मधून प्रसिद्ध होऊ लागली ती १९२५ साली. मधल्या सदतीस वर्षांत त्या तरुणाचे काय झाले, हे लेखकालाही ठाऊक आहे आणि वाचकालाही. त्यामुळे त्याची फजिती सुखरूप झालेली असते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी इंग्रजीत सुरू केलेल्या रोजनिशीचा मात्र अल्पसा अंशच आज उपलब्ध आहे.

रवींद्रनाथ ठाकूर यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. १८७८ साली, सतराव्या वर्षी, ते इंग्लंडला गेले. तेथून लिहिलेली पत्रे 'भारती' मासिकात आली आणि १८८१ साली त्यांचे पुस्तक झाले. ग्रांथिक साधू भाषा सोडून त्यांनी येथे बोलण्यातली चलित बांगला वापरली, हे या पत्रांचे वाङ्मयीन महत्त्व. पुढे १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'जीवनस्मृती'त त्यांनी या पत्रांतील पोरसवदा बढाईबद्दल खंत व्यक्त केली. लेखकाला खंत वाटली, तरी वाचकाने ती वाटून घेण्याचे कारण नाही. परक्या समाजात बिचकलेला मुलगा घरच्यांपुढे मोठ्या आवाजात बोलतो. ती बढाई हाच त्याच्या पहिल्या दिवसांचा पुरावा होय आणि तो प्रौढ आठवणीत सापडणे शक्य नव्हते.

या भेदाचे खरे गांभीर्य डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याकडे पाहिल्यावर कळते. १८८३ च्या जूनमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या पतीला मागे ठेवून न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरच्या मुलीसारखे ठेवून घेतले. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा राहण्याच्या खोलीतील शेगडी धूर ओकू लागली आणि थंडी सोसावी की धूर, एवढीच निवड उरली. नऊवारी लुगडे त्या हवेला आणि तेथील संकेतांना पुरेनासे झाले, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्याचे ठरवले. तर त्यावरही पतीशी पत्रांतून वाद झाला. १८८६ साली त्या एम. डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात निवर्तल्या. आठवणी लिहिण्याइतके आयुष्यच त्यांना मिळाले नाही. आत्मचरित्रालाच प्रमाण मानणाऱ्या अभ्यासात आनंदीबाईंना आवाज उरत नाही. मराठी वाचकाला त्या मुख्यतः काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रातून आणि श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीतून ठाऊक आहेत; त्यांची स्वतःची मराठी पत्रे मात्र गद्य म्हणून फारशी वाचली गेली नाहीत.

पत्रेही निखळ सत्य सांगत नाहीत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो खरा आहे. आनंदीबाई गोपाळरावांना मराठीत लिहितात तेव्हा एक सांगतात आणि अमेरिकन स्नेह्यांना इंग्रजीत लिहितात तेव्हा दुसरे. परंतु कोणाला काय सांगावे, काय गाळावे आणि कोणत्या भाषेत, याचा विचार हेच तर साहित्याभ्यासाचे काम आहे.

काही वेळा पहिल्या दिवसांचा अर्थ परतल्यावर उमगतो. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून टाकली होती, असे ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगतात. आणि हे सांगण्याचा प्रसंग येतो तो बडोद्यात राहण्यास जागा मिळत नाही तेव्हा. परमुलखी रुळणे ही केवळ गैरसोयीची कथा नसते, स्वदेशाच्या परीक्षेचीही असते, याहून स्पष्ट उदाहरण कोणते हवे?

आजचा विद्यार्थी घरी पत्र लिहीत नाही. त्याचा पहिला आठवडा दूरध्वनीच्या पडद्यावरील संदेशांत मावतो आणि यंत्र बदलले की बहुधा नाहीसा होतो. पुढे उरेल ती केवळ यशस्वी झालेल्यांची आठवण. जे खचले, आजारी पडले, अर्ध्यातून परतले, त्यांचे काहीच नाही. म्हणून भाषाविभागांनी घराघरांतील ट्रंकांत पडून असलेली जुनी पत्रे मिळवावीत आणि बांगला, गुजराती, मराठी अशा भिंती न घालता ती एकत्र वाचावीत. ज्यांना उत्तरायुष्य लाभले नाही, त्यांच्या बाजूने बोलणारे तेवढेच लेखन शिल्लक आहे.