एकाच पुस्तकाचे चार भाव

गेल्या दिवाळीला माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. हातात माझीच कादंबरी! ‘सर, सही करा,’ म्हणाला. ‘ऑनलाइन मागवली. ६४० रुपये पडले.’ माझ्या घशात चकली अडकली. पुस्तकाची छापील किंमत २५०. आणि न खपलेल्या तीस प्रती त्याच्या पायापाशी, दिवाणाखाली पडलेल्या!

तो गेल्यावर मोबाईल उघडला. एकाच बाजारात त्या कादंबरीचे चार विक्रेते होते आणि भावही चार: १८०, २३८, २५० आणि ६४०.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, बाजार म्हटला की भाव वेगळे असायचेच.’ मान्य! सांताक्रूझ स्टेशनाबाहेर सकाळी चाळीसला असलेली मेथीची जुडी रात्री वीसला मिळते. पण त्याचे कारण डोळ्यांना दिसते. भाजी कोमेजलेली असते आणि भाजीवालीला घरची गाडी गाठायची असते.

मोबाईलमधल्या बाजारातही कारणे आहेतच. कोणी घाऊक माल उचललेला असतो, कोणाला पडून राहिलेला माल मोकळा करायचा असतो. कोणी टपालखर्च किमतीतच धरतो, कोणी तो पैसे भरायच्या वेळी हळूच मागतो. शिवाय बाजारवाल्याचे कमिशन आणि परत आलेल्या मालाचा भुर्दंड! ज्याला पोट आहे त्याने हे भरून काढावेच. अशा विक्रेत्यावर माझा राग नाही.

पण ६४० वाल्याचे काय? अशा दुकानदाराजवळ पुष्कळदा पुस्तक नसतेच. मागणी आली की दुसऱ्याकडून घेऊन पाठवायचे. आणि भाव तरी दरवेळी माणूस ठरवतो थोडाच? २०११ साली अमेरिकेत ॲमेझॉनवर माशीविषयीच्या एका शास्त्रीय पुस्तकाचा भाव २ कोटी ३६ लाख डॉलरांच्या वर गेला होता. दोन विक्रेत्यांचे संगणक एकमेकांचा भाव पाहून आपला ठरवीत होते. एक दुसऱ्याहून किंचित खाली राही, दुसरा पहिल्याच्या सव्वापटीहून वर जाई. ही शर्यत थांबवायला मध्ये माणूसच नव्हता.

बाजारवाले म्हणतात, ‘आम्ही फक्त ओटा देतो; भाव विक्रेत्याचा.’ हे अर्धसत्य आहे. दर्शनी ओटा कोणाला आणि मागला कोणाला, हे कोण ठरवते? हा क्रम कशावरून लावला ते सोप्या भाषेत सांगा, असे ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियम त्यांना बजावतात. मग बाकीचे विक्रेते बारीक अक्षरांच्या एका ओळीआड का? चारही भाव, टपालखर्चासह, एकाखाली एक मोठ्या अक्षरांत मांडा. एवढे झाले असते, तर माझ्या विद्यार्थ्याचे ३९० रुपये वाचले असते.

ते होईल तेव्हा होईल. तोवर वाचकहो, यंदा कंदील-पणत्या मागवताना ती बारीक ओळ एकदा उघडून पाहा. आणि माझी कादंबरी हवी असेल, तर सरळ वाकोल्याला घरी या. छापील किमतीत पन्नास रुपये सूट. फराळाचे पैसे पडणार नाहीत!