‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले?

संगणकात ‘सी’ ड्राइव्ह आहे, मग ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले? परवा नातीने विचारलेला हा प्रश्न वरवर पोरकट वाटला, तरी बिनतोड आहे. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा पहिली दोन अक्षरे फ्लॉपीसाठी होती. हार्ड डिस्क मागाहून आली, तिच्या वाट्याला ‘सी’ आले. फ्लॉपी केव्हाच अडगळीत गेली. तिच्या अक्षरांना मात्र अजून सहसा कोणी हात लावत नाही.

पीसीच्या पोटात असे पुष्कळ काही जपलेले असते. पहिल्या पीसीला एक मेगाबाइटपलीकडची मेमरी ठाऊकच नव्हती. पत्ता तिथवर गेला की पुन्हा शून्यावर येई, आणि काही प्रोग्रॅम चक्क या खोडीवर विसंबून होते. १९८४ च्या ‘एटी’ मॉडेलमधला प्रोसेसर मात्र पुढे जाऊ शकत होता. म्हणजे ते प्रोग्रॅम कोसळणार! मग पत्त्याची एकविसावी तार अडवण्याची सोय झाली. तिचा खटका कुणाच्या हाती द्यावा? कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपच्या! का, तर तिची एक पिन मोकळी होती. ही कसरत पुढच्या यंत्रांनीही वर्षानुवर्षे वाहिली.

अभियंते अशा ओझ्याला नाके मुरडतात. मला त्यात सौजन्य दिसते. यंत्राचे पैसे एकदाच मोजलेले असतात. त्यावर वर्षानुवर्षे केलेल्या कामाचे मोल त्याहून मोठे. इंटेलने २००१ साली कोरी पाटी घेऊन इटॅनियम काढला, जुने प्रोग्रॅम त्यावर रडतखडत चालत. २००३ मध्ये एएमडीने जुन्या घरावरच ६४ बिटांचा मजला चढवला. गिऱ्हाईक तिकडे वळले आणि इंटेललाही त्याच वाटेने जावे लागले.

म्हणूनच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबला, ते खटकते. विंडोज ११ ला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि सुरक्षेची चिप हवी. सुरक्षेचे कारण खोटे नाही. पण त्याचा भुर्दंड धडधाकट यंत्राच्या मालकाने का सोसावा?

आमच्या शेजारी शिकवणी घेणाऱ्या बाई आहेत. त्यांच्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. मुलाच्या नव्या लॅपटॉपवर त्या उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! सध्या बाईंनी जुन्या संगणकाचे इंटरनेट काढून टाकले आहे आणि सुटीत एकेक प्रश्नपत्रिका हाताने पुन्हा टाइप करीत आहेत.