बॅटरीचा ट्रॅक्टर घ्यावा काय?

अमेरिकेंत जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९६९ सालीं बॅटरीवर चालणारा बागकामाचा ट्रॅक्टर विक्रीस आणला. त्यास पुढें रुंद पातें लावून लोक दारापुढील बर्फ लोटीत. शिशाच्या बॅटऱ्या जड असत. पण त्या भारामुळेंच चाकें पकड घेत. शिवाय विजेची मोटार जागेवरून निघतांनाच पुरा जोर देते.

नांदगांवीं बर्फ नाहीं. परंतु तलावांतील गाळ व कांद्याची वाहतूक आहे. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें २०२३ सालीं असा लहान ट्रॅक्टर पुढें आणला. घरच्या विजेवर ७ ते ८ तास भरल्यास तो शेतांत ४ तासांहून अधिक चालतो, असें ती सांगते.

आमच्या मतें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. बर्फावर जो भार गुण, तोच ओल्या काळ्या जमिनींत दोष. तेथें माती दबते. म्हणून हें यंत्र उन्हाळ्यांत वाळलेला गाळ व माल वाहण्यास वापरावें. दुसरें, उष्णतेनें बॅटरीचें आयुष्य घटतें. ती सावलींतच भरावी.

पण दोन-तीन एकरांच्या धन्यानें एकट्यानें कर्ज काढूं नये. महसुली दप्तरांत आमचें आयुष्य गेलें. सातबाऱ्यावर बोजा चढतो एका ओळीनें, उतरण्यास मात्र वर्षें लागतात. संस्थेनेंच एक यंत्र घेऊन भाड्यानें द्यावें, आणि वर्षभर कामाचे तास व विजेचे युनिट वहींत लिहावे. ती वही पाहूनच प्रत्येकानें आपला निर्णय करावा.